घड्याळ काढल्यावर

चॉकलेटचा कारखाना बघायला जायची कल्पना आईची. माझी असती तर मी बहिणीच्या नवऱ्याला तिथल्या भट्टीतच घालून आले असते, असं मी नंतर पोलिसांना सांगितलं आणि आमच्या वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. माझं तोंड असंच आहे. मी शाळेत खेळ शिकवते. मुलं माझ्या पाठीमागे मला 'शिट्टी' म्हणतात, आणि पाठीमागे म्हणजे मला नीट ऐकू येईल एवढ्याच अंतरावरून. सध्या शाळेनं मला घरी बसवलंय, चौकशी संपेपर्यंत. बसलेय.

धाकटी बहीण लेकीला घेऊन आईकडे राहायला आली होती. ओठ फुटलेला. न्हाणीघरात पाय घसरला म्हणाली. त्याआधीच्या खेपेला जिन्यात पडली होती, त्याच्याआधी कपाटाचं दार लागलं होतं. आता पडल्यावर कुठे लागतं हे कुणीही मला विचारावं. माझा जन्म गेला पडलेली पोरं उचलण्यात. गुडघे फुटतात, तळहात सोलतात, कोपर खरचटतं, फार झालं तर हनुवटी. दंडाच्या आतल्या बाजूवर कुणी पडत नाही. तिथे बोटांचे वण उठतात ते धरल्यावर. मी हे आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "तुला तर सगळीकडे काळंबेरंच दिसतं."

आईचा तरी काय दोष म्हणा. जावई होताच तसा. चष्म्यांचं दुकान. कपड्याला सुरकुती नाही, आवाजाला धार नाही. आला की आधी सासूचा चष्मा मागून घ्यायचा, खिशातल्या मऊ फडक्यानं पुसायचा, उजेडात धरून बघायचा आणि मग तिच्या हातात द्यायचा. "स्वच्छ दिसतंय ना, आई?" बस्स, आई विरघळली. जावई असावा तर असा, हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते शाळेच्या प्रार्थनेसारखं पाठ आहे. आई अजूनही त्याला 'ते' म्हणते, सवयीनं. मी त्या दिवसापासून 'तो' म्हणते.

तर तो बायकोला न्यायला आला. आईनं ठरवलं की असं थेट पाठवायचं नाही, सगळ्यांनी मिळून एक दिवस बाहेर काढायचा. चॉकलेटचा कारखाना त्याच्या घराच्या वाटेवर होता. पोर खूश होईल, रुसवेफुगवे निघतील, मग संध्याकाळी तो दोघींना गाडीतून घरी नेईल आणि आई नि मी बसनं परत येऊ. म्हणजे माझ्या हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. निघताना मी धाकटीला जिन्यात गाठलं.

"एकदा आईसमोर बोल," म्हटलं. "एकच वाक्य. पुढचं मी बघते."

"काय बोलू, ताई? मी पडले."

तिनं उन्हाळ्याच्या दिवसांत लांब बाह्यांचा झगा घातला होता, मनगटावर बटण असलेला. मी गप्प बसले. मी गप्प बसले की माझं डोकं जास्त तापतं.

कारखान्याच्या दारातच कपडे बदलायची खोली होती. अर्ध्या बाह्यांचा पांढरा कोट, डोक्याला जाळीची टोपी, बुटांवर पिशव्या. दाखवणारी बाई चटपटीत होती, तोंडानं गोड पण नियमाला पक्की. अंगठ्या, कानातलं, घड्याळ, सगळं काढून एका पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवायचं. काही गळून मशीनमध्ये पडलं तर सगळा माल फेकावा लागतो म्हणाली. मग हात धुवायचे, तेही कोपरापर्यंत.

आईनं अंगठी काढताना साबण मागितला. मी शिट्टी काढून ठेवली, त्यावरून आई हसली. मग त्यानं डाव्या मनगटावरचं घड्याळ काढलं. सावकाश. पट्टा सोडवला, काच कोटाला पुसली, घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं.

आमची खारू बाकावर बसून पाय हलवत होती. धाकटीची लेक, गालात खाऊ साठवून ठेवायची खोड म्हणून हे नाव. घड्याळाची कडी वाजली आणि तिचे पाय थांबले. ती उठली. खोलीचं दार लावलं. खिडकीपाशी गेली, टाचा उंचावून तीही लावली. मग कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं.

"बघ, किती वळण आहे पोरीला," आई म्हणाली. "आपण कपडे बदलतोय तर न सांगता दार लावलं."

"वळण लावावं लागतं, आई," तो म्हणाला.

मी धाकटीकडे बघितलं. ती भिंतीला पाठ टेकून उभी होती आणि दोन्ही हात तिनं पोटाशी घट्ट धरले होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे जे असतं तेही नव्हतं.

हात धुवायला खारू माझ्या शेजारी आली. मी तिला नळापर्यंत उचललं आणि विचारलं, "दार का गं लावलंस?"

"बाबांनी घड्याळ काढलं."

"मग?"

"मग दार लावायचं, खिडक्या लावायच्या. टीव्ही पण मोठा करायचा. इथे टीव्ही नाही, मावशी."

पाऊस आला की कपडे आत घ्यायचे, अशा आवाजात तिनं हे सांगितलं. मी तिला खाली ठेवलं. पलीकडे धाकटी आमच्याकडे पाठ करून बोटांची टोकं भिजवत होती. दाखवणारी बाई तिला म्हणाली, "कोपरापर्यंत, मॅडम. बाह्या वर घ्या." धाकटी कोपऱ्यात वळली, अंगानं आडोसा केला आणि कसेतरी हात ओले केले.

मी आईला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि खारू काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. आईनं माझा हात झटकला. "लहान पोराच्या बोलण्याचा कुठे कीस पाडत बसतेस? आजचा दिवस तरी धड जाऊ दे. तुझ्यापायी तिचा संसार मोडायचा नाहीये मला." मग जोडीला म्हणाली, "तुला नवरा नाही, तुला काय कळणार." हे ती वर्षाकाठी एकदा म्हणतेच. तेवढ्यासाठी मी थांबले असं नाही. पण दाखवणारी बाई चला चला करायला लागली आणि सगळे पुढे निघाले.

कारखाना मी बघितला की नाही हे मला सांगता येणार नाही. मी त्याचं मनगट बघत होते. घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा उमटलेला, बाकी हात उन्हानं रापलेला. आधी बिया भाजायची भट्टी होती. तिथला वास जळका नि आंबट, आई म्हणाली हा कसला चॉकलेटचा वास. मग बिया फोडून टरफलं उडवणारं यंत्र. मग मोठाली पातेली, त्यांत दोन दोन दगडी रूळ फिरत होते आणि भाजलेल्या बियांचा काळा चिखल करत होते. आवाज इतका की बाई आमच्या कानाशी येऊन ओरडत होती. हे रात्रंदिवस चालू असतं म्हणाली, इथे आम्ही खुणांनीच बोलतो, शेजारी कुणी किंचाळलं तरी कळायचं नाही. त्यानं मान डोलावली. लक्ष देऊन ऐकत होता. चांगला विद्यार्थी.

शेवटी चव घ्यायची खोली. लांब टेबल, त्यावर हातभर लांबीची जाड लादी आणि एक लाकडी हातोडा. पाहुण्यांनी लादी स्वतः फोडून खायची, ही तिथली गंमत. आईनं पहिला घाव घातला तर लादीला ओरखडाही आला नाही. सगळे हसले, तोसुद्धा. मग हातोडा माझ्याकडे आला आणि मी एका फटक्यात लादीचे तुकडे केले. "ताईंच्या हातात जोर आहे," तो म्हणाला. बाईनं खारूला पेलाभर पातळ, कोमट चॉकलेट दिलं. खारू ते दोन्ही हातांनी धरून बापाला दाखवायला निघाली. बुटावरच्या पिशवीत तिचा पाय अडकला आणि पेला त्याच्या कोटावर आणि पँटीवर रिकामा झाला.

"काही हरकत नाही," तो हसून म्हणाला. "लहान आहे."

आणि त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. तिथे घड्याळ नव्हतं. बोटं पट्टा शोधत त्या पांढऱ्या खुणेवर थोडी फिरली. धाकटीनं ते बघितलं. खारूनं बघितलं. मीही बघितलं.

"जरा चल," तो धाकटीला म्हणाला. "डाग पुसायला मदत कर."

"इथेच पुसते ना."

"चल म्हटलं ना, राणी."

रुळांच्या बाजूला पोती ठेवायची खोली होती. ती त्याच्यापुढे चालायला लागली. ओढून नेलं नाही कुणी, आपल्या पायांनी गेली, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. खारू त्यांच्यामागून धावली, दार ओढून लावलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली. दोन्ही कानांवर हात ठेवले. मग आमच्याकडे बघून हसली, काळजी करू नका अशी.

मी निघाले तशी आईनं माझा कोट धरला. "नवरा-बायकोच्या मध्ये जाऊ नकोस." मी तो कोट तिच्या हातात सोडला. हातोडा मात्र सोडला नाही. तुम्ही तो मुद्दाम घेतलात की हातात राहून गेला, हे पोलिसांनी मला फिरवून फिरवून विचारलं. मुद्दाम घेतला.

"मावशी, आत जायचं नसतं," खारू म्हणाली. मी तिला उचलून बाजूला ठेवलं आणि आत जाऊन दार लोटलं, कारण तिला ते दिसायला नको होतं.

आत छतापर्यंत बियांची पोती. त्यानं धाकटीची मान मागून धरली होती, तोंड पोत्यात दाबलं होतं आणि दुसऱ्या हाताची मूठ तिच्या बरगड्यांवर पडत होती. तोंडावर नाही, फुटलेला ओठ लोकांना दिसला होता. चेहऱ्यावर राग असता तर मला एकवेळ समजलं असतं. राग नव्हता. दुकानात काच घासताना असतो तसा चेहरा. एक ठोसा, थोडं थांबून बघायचं, मग दुसरा. तीही ओरडत नव्हती. पोत्यात तोंड खुपसून ती ठोशाठोशाला नुसता श्वास सोडत होती, आणि ते इतकं सवयीचं होतं की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अरे," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्याला अरे म्हटलं.

तो वळला. "ताई, हा आमचा घरचा—"

पहिला घाव खांद्याच्या हाडावर बसला. दुसरा त्यानं आडव्या घातलेल्या डाव्या हातावर, बरोबर त्या पांढऱ्या पट्ट्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला, सुकी फांदी मोडते तसा. तो ओरडला. त्याचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण तो माझ्यापेक्षा वजनानं दुप्पट. उजव्या हातानं त्यानं माझा गळा धरला आणि डोकं मागच्या लोखंडी मांडणीवर आपटलं, परत आपटलं. एक पोतं फाटून आमच्या अंगावर बियांचा ढीग कोसळला आणि आम्ही दोघं खाली आलो. त्याचा गुडघा माझ्या पोटात होता. त्याचा कान माझ्या तोंडाशी आला, तो मी चावला, दात दातांवर बसेपर्यंत. तोंडात मघाचं चॉकलेट होतं, त्यात रक्त आलं. तो मागे कोलमडला. मी वर चढले, गुडघ्यांनी त्याची छाती दाबली आणि हातोडा उचलला. या वेळी नेम डोक्यावर होता.

हात खाली आलाच नाही. धाकटी माझ्या हाताला लोंबकळली होती.

"नको, ताई," ती म्हणत होती. "तू घरी जाशील. रात्री मला भोगावं लागेल."

तेवढ्यात खालून त्याची मूठ आली आणि माझा पुढचा दात तुटला. तो मी गिळला.

दार उघडलं तेव्हा आई उभी होती, मागे दाखवणारी बाई. आईला काय दिसलं असेल ते मला कळत होतं. रक्तानं माखलेली थोरली, हातात हातोडा, आणि खाली मोडका हात छातीशी धरून जावई. तो कसाबसा बसता झाला. कानातून रक्त गळत होतं आणि आवाज पुन्हा मऊ झाला होता.

"बघा, आई. मी हिला समजावत होतो आणि ताईंनी एकदम... त्यांना डॉक्टरला दाखवायला हवं."

आईनं धाकटीकडे बघितलं. धाकटीच्या नाकातून रक्त येत होतं, टोपी निघाली होती, केस मुठीत धरल्यासारखे एका बाजूला उभे राहिले होते. तिनं ते हातानं खाली बसवले.

"मी पडले, आई," ती म्हणाली. "पोत्याला अडखळले."

आणि आईला ते पटायला लागलं. शपथेवर सांगते. तिच्या कपाळावरच्या आठ्या सुटताना मी बघितल्या. हातोडा कुणाच्या हातात आहे हे तर दिसतच होतं. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसतं रक्त आलं.

तेव्हा आईच्या काखेखालून एक छोटा हात आला आणि दाराची कडी ओढायला लागला.

"आजी, आत तरी ये नाहीतर बाहेर तरी हो," खारू म्हणाली. "दार लावायचंय."

"का गं?"

"बाबांचं अजून झालं नाही. झालं की बाबा घड्याळ घालतात. मग उघडायचं." मग तिनं त्या बाईला विचारलं, "तुमच्याकडे टीव्ही नाहीये का?"

आई खारूकडे बघायला लागली. सकाळी हिलाच वळण आहे म्हणाली होती, ते तिला आठवलं असणार. मग तिनं विचारलं, "रोज लावतेस?"

खारूनं विचार केला. "रोज नाही. डाग पडला की. नाहीतर भाजी खारट झाली की."

"लहान आहे, आई," तो म्हणाला. "काहीही बोलते."

आईनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं दार पूर्ण उघडून भिंतीला टेकवलं. मग आत आली, खाली वाकली आणि एका भरलेल्या पोत्याचे कान धरून ओढायला लागली. गुडघ्यांच्या दुखण्यानं जिना चढताना दोनदा बसणारी बाई. पोतं हलेना. ती रडत होती आणि ओढत होती. दाखवणारी बाई पुढे झाली, दोघींनी मिळून ते पोतं दाराशी नेऊन लावलं.

"आता ज्याला लावायचंय त्यानं लावावं," आई म्हणाली.

मशीन बंद झालं. त्या शांततेत माझे कान दुखायला लागले. पांढऱ्या कोटातली माणसं एकेक करून दाराशी जमली, पहारेकरी आला, कुणीतरी फोन करायला धावलं. आम्हाला सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत आणून बसवलं, त्याला एका बाजूला, मला दुसऱ्या. त्याचा पंजा फुगून निळा झाला होता. तरी तो उठला.

"आम्ही निघतो," तो म्हणाला. "मला कुणाविरुद्ध तक्रार करायची नाही. घरातली गोष्ट आहे." मग धाकटीला, "माझं घड्याळ आण. चल."

ती उठली. पांढऱ्या ट्रेपाशी गेली. आईची अंगठी, माझी शिट्टी बाजूला सारली आणि घड्याळ उचललं. मला वाटलं, गेली. सगळं फुकट गेलं, दात गेला, नोकरी जाणार, आणि ही त्याच्या मोडक्या हाताला शेक द्यायला चालली. मी तिला शिवी दिली. तिनं ऐकली असावी.

त्यानं उजवं मनगट पुढे केलं. सुजलेल्या डाव्यावर घड्याळ बसणार नव्हतं.

खारू बाकावरून उतरली आणि धाकटीच्या झग्याला धरून म्हणाली, "झालं ना? आता उघडू?"

धाकटीनं दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं. त्यात पहारेकरी उभा होता, त्याच्यामागे टोप्या घातलेली पाचसात माणसं, मान वाकडी करून बघणारी. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत याची तिला लाज वाटेल असं मला वाटलं, पण ती तोंड फिरवेना.

"उघडंच आहे, खारू," ती म्हणाली.

तिनं घड्याळ परत ट्रेमध्ये ठेवलं. आईला ती काही बोलली नाही, मलाही नाही. सकाळी जिनं कोपरापर्यंत हात धुवा म्हणून सांगितलं होतं, त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"मी पडले नव्हते," म्हणाली, आणि मनगटावरचं बटण सोडून बाही वर घ्यायला लागली, कोपरापर्यंत, मग कोपराच्याही वर.